दहा कोंबड्या, साडेतीन महिने थंडी: खर्च किती आणि कशावर?

दिवाळी सरली की निफाड-सिन्नरकडच्या मळ्यांत दोन विषय हमखास निघतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला हा एक, आणि अंगणातल्या कोंबड्यांना आता हिटर लावायचा का हा दुसरा. पाऱ्याचं काही आपल्या हातात नाही. हिटरचं मात्र आत्ताच सांगून टाकतो: मोठ्या कोंबड्यांसाठी घेऊ नका. दहा कोंबड्यांचं खुराडं थंडीसाठी तयार करायचा खर्च बारदान, तूस आणि संध्याकाळचं मूठभर धान्य यांत भागतो. विजेवर पैसे घालायची खरी जागा एकच, ती म्हणजे महिन्याच्या आतली पिल्लं. लोक नेमकं उलटं करतात. मोठ्यांच्या खुराड्यात रात्रभर बल्ब जळतो आणि पिल्लांची बोळवण डालग्यावर टाकलेल्या एका फडक्यावर होते.

पुढचे हिशेब 10 कोंबड्या, 5 बाय 4 फुटांचं खुराडं आणि दिवाळी ते महाशिवरात्र असे साधारण साडेतीन महिने धरून केले आहेत. दर तालुक्याच्या बाजारातले आणि अंदाजे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. वीज युनिटला 8 रुपये धरली आहे. घरचा वापर आधीच वरच्या स्लॅबमध्ये जात असेल तर तुमचा दर याहून बराच जास्त पडेल, तेव्हा गेल्या महिन्याचं बिल समोर घेऊन आकडे लावा.

मोठ्या कोंबडीला थंडी किती वाजते?

कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. रात्री ती पिसं फुलवते, त्यांत हवा कोंडते, पाय पोटाखाली घेते आणि चोच पंखात खुपसून बसते. 18 ते 24 अंशांत तिला सगळ्यांत बरं वाटतं. त्याखाली गेलं की ती थोडं जास्त खाते आणि ऊब राखते. आपल्याकडची 6-7 अंशांची पहाट धडधाकट कोंबडी कोरड्या जागी आरामात काढते. यूट्यूबवर अमेरिका-कॅनडातल्या परसबागांचे व्हिडिओ असतात. तिथे उणे 20 अंशांत तुऱ्याची टोकं गोठून काळी पडतात, पाण्याचा बर्फ होतो, म्हणून गरम होणारी पाण्याची भांडी विकत घ्यावी लागतात. वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात आले तरी आपल्याला यातलं काही लागत नाही.

आपली अडचण निराळी आहे. पहाटे 7 अंश आणि दुपारी 28, असा एकाच दिवसात वीस-एकवीस अंशांचा झोका. रात्रीसाठी गच्च बंद केलेलं खुराडं सकाळी उघडायचं राहिलं की आत दमटपणा साचतो आणि कोंबड्यांचे घसे घरघरायला लागतात. थंडीत कोंबड्या दगावतात त्या बहुतेक वेळा तीन कारणांनी: अंगावर येणारी झुळूक, खालची ओल आणि कोंदट हवा. नुसती थंडी या यादीत फार मागे आहे.

काही अपवाद आहेत. पिसं झडलेली कोंबडी, म्हातारी किंवा आजारी कोंबडी, आणि ज्यांच्या मानेवर जन्मतःच पिसं नसतात त्या उघड्या मानेच्या जातीच्या कोंबड्या. यांना थंडी खरोखर बाधते. त्यांना मधल्या जागी, भिंतीकडे बसता येईल असं बघा. दिवस लहान होऊ लागले की पुष्कळ कोंबड्या पिसं टाकतात आणि नवी पिसं थंडीच्या तोंडावरच येत असतात. पिसं म्हणजे बहुतांशी प्रथिनंच. म्हणून त्या तीन-चार आठवड्यांत भुईमुगाची पेंड किंवा सुकट हाताशी असेल तर थोडी रोज द्या. बाजारातला सुकटीचा चुरा, जो माणसांसाठी कोणी घेत नाही, तो स्वस्तात मिळतो आणि यासाठी उत्तम. फक्त खारवलेला नको.

बारदान: शंभर-सव्वाशे रुपयांचं काम

हिवाळी वारा आपल्याकडे बहुतेक उत्तर-पूर्वेकडून येतो. खुराड्याच्या त्या दोन बाजू जाळीच्या असतील तर तिथे पडदा हवा. 4 फूट उंचीच्या खुराड्यात हे क्षेत्र 36 चौरस फूट भरतं. 100 किलोचं जुनं बारदान उसवून पसरलं की साधारण 16 चौरस फूट कापड निघतं, म्हणजे तीन बारदानं पुरतात. जुनं बारदान 30 ते 40 रुपयांना मिळतं. दाभण आणि सुतळी घरात असतेच.

पडदा लावायची पद्धत मात्र महत्त्वाची. बहुतेक जण तो वरून सोडतात आणि दिवसा गुंडाळून वर बांधतात. तसं केलं की थोडासा उघडायचा झाला तर खालून उघडतो आणि वारा थेट कोंबडीच्या पोटाशी लागतो. पडदा खालच्या कडेला पक्का ठोका आणि वरच्या कडेला बांबूची काठी शिवून दोरीने वर ओढा. रात्रीसुद्धा वर वीतभर जागा उघडीच ठेवायची. दमट, उग्र हवा तिथून निघून जाते आणि खाली बसलेल्या कोंबडीला वारा लागत नाही. सकाळी ऊन आलं की पडदा पूर्ण खाली.

झुळूक कुठून येते हे आपल्या उंचीवरून कळत नाही. रात्री नऊच्या सुमारास, कोंबड्या बसल्यावर, एक उदबत्ती पेटवून बसायच्या काठीच्या उंचीवर धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक. तो आडवा पळाला तर ज्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने तो पळाला, ती चिंधीने बुजवा. बहुतेक वेळा ती दाराच्या बिजागरीपाशी किंवा भिंत आणि पत्रा जुळतो तिथे सापडते. काठीच्या वरच्या फटी राहू द्या. उदबत्ती हातातच ठेवा आणि बाहेर आल्यावर विझवा, खाली वाळलेलं तूस आहे.

बारदानाऐवजी ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचं खताचं पोतं चालेल का? वाऱ्यापुरतं चालेल, तेही एकाच बाजूला. चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावलेल्या खुराड्यात पहाटे हात फिरवा, तळहात ओला होतो. कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठा यांतून रात्रभर पाणी निघत असतं, त्याला बाहेर पडायला वाट हवी. पत्र्याच्या छताचंही तेच. थंड पत्र्याला आतून दव धरतं आणि पहाटे पाठीवर ठिबकतं. त्यावर उपाय फुकट आहे. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा चार बोटं पसरा आणि वरून जुनी जाळी किंवा दोऱ्या ताणून बांधा. थर्माकोल लावू नका. कोंबड्या तो आवडीने टोचून खातात आणि मग तो पोटात राहतो.

बसायच्या काठ्या लोखंडी पाइपच्या असतील तर एवढ्या साडेतीन महिन्यांसाठी तरी बदला. धातू थंड पडतो आणि गोल पाइपवर पाय पुरता झाकताही येत नाही. दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी, कडा घासून गोल केलेली, सगळ्यांत बरी. कोंबडीला 8 इंच जागा धरली तर दहा जणींना पावणेसात फूट होतात, म्हणजे 4 फुटांच्या दोन पट्ट्या. सुताराकडे किंवा वखारीत तुकडा माल 80 ते 150 रुपयांत मिळतो. दोन्ही पट्ट्या सारख्या उंचीवर लावा, नाहीतर वरच्या पट्टीसाठी रोज संध्याकाळी मारामाऱ्या.

खालचं अंथरूण

तूस, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं यांपैकी जवळ जे मिळेल ते. घोटी-इगतपुरीकडे भाताच्या गिरण्या आहेत म्हणून नाशिक भागात तूस स्वस्त. मावळ-भोरला तेच, भंडारा-गोंदियाला तर विचारायलाच नको. भाताचा पट्टा लांब असेल तर सॉ मिलचा भुसा घ्या, पण बारीक पिठासारखा नको. तो उडतो आणि कोंबड्यांच्या नाकात जातो. गव्हाचं काड टाळा, ते ओलं झालं की थर धरतं. 20 चौरस फुटांवर तीन इंचांचा थर द्यायला 5 घनफूट तूस लागतं, वजनात पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे एक मोठी गोणी. ती 80 ते 150 रुपये. मध्ये भर घालायला आणखी एक गोणी लागेल.

तूस बदलायचं कधी हे कॅलेंडर बघून ठरवू नका. एक मूठ उचला आणि घट्ट दाबा. हात उघडल्यावर ते किंचित धरून राहिलं आणि लगेच फुटलं तर प्रमाण बरोबर आहे. लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली. मूठ उघडताच सगळं भुरभुर सांडलं तर ते फार कोरडं आहे आणि धूळ उडणार. दुसरी परीक्षा नाकाची. सकाळी दार उघडण्याआधी गुडघ्यांवर बसून कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले तर रात्रभर तोच अमोनिया त्यांनी ओढला आहे. उभ्याने वास येत नाही याचा काही उपयोग नाही, कोंबडी उभ्या माणसाच्या उंचीवर झोपत नाही.

ओल झाली तर सगळं काढून फेकायची गरज नसते. भांड्याभोवतीचा ओला भाग काढा, बाकीचं दाताळ्याने खालीवर करा, दोन-तीन मुठी विझवलेला चुना मिसळा आणि वर नवं तूस पसरा. हे काम कोंबड्या बाहेर असतानाच करायचं. चुन्याची किलोची पिशवी वीस-तीस रुपयांची आणि ती मोसमभर पुरते. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. त्या एका आजारात एका तलंगेचा जीव गेला तर तुसाच्या चार गोण्यांचे पैसे गेले असं समजा.

पोट भरलेलं असणं

डिसेंबरच्या शेवटी नाशिकला दिवस सुमारे 11 तासांचा असतो. म्हणजे रात्र तेरा तासांची, आणि एवढा वेळ कोंबडी उपाशी बसते. म्हणून दिवसाच्या शेवटच्या दाण्याला महत्त्व आहे. सूर्य मावळायच्या तासभर आधी कोंबडीमागे साधारण 30 ग्रॅम आख्खा किंवा भरडलेला मका, बाजरी किंवा ज्वारी द्या. आख्खं धान्य गळ्याच्या पिशवीत साठतं, पेट्यात सावकाश दळलं जातं आणि अंगात ऊब राहते. 10 कोंबड्यांना दिवसाला 300 ग्रॅम, महिन्याला 9 किलो. 28 रुपये किलोने महिन्याला 250 रुपये, साडेतीन महिन्यांचे 875. थंडीच्या खर्चातला सगळ्यांत मोठा आकडा हाच आहे आणि तो वाचवू नये. खळ्यावरची कणी किंवा फुटका मका स्वस्तात मिळत असेल तर घ्या. मात्र बुरशी धरलेला, हिरवट-काळा मका कितीही स्वस्त मिळाला तरी नको, त्यातलं विष यकृतावर जातं.

रात्री बसल्यावर एखाद्या कोंबडीच्या गळ्याखाली बोटांनी चाचपून बघा. पिशवी भरलेली, दाण्यांची खरखर लागते अशी हवी. सपाट असेल तर तिला दुसऱ्या खाऊ देत नाहीत किंवा ती आजारी आहे. दोन्ही गोष्टी दिवसा कळायला चार दिवस लागतात, रात्री बोटांना लगेच कळतात.

पाणी थंडीत विसरलं जातं. पहाटेचं बर्फासारखं पाणी कोंबड्या कमी पितात, पाणी कमी झालं की खाणं कमी होतं आणि मग अंडी. रात्री भांडं रिकामं करून उपडं ठेवा, सकाळी विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी भरा. जमिनीखालून आलेलं पाणी पहाटे कोमटच असतं. टाकीचं असेल तर त्यात तांब्याभर गरम पाणी ओता. यासाठी काही विकत घ्यायचं नाही.

हिरवा पाला हिवाळ्यात आपल्याकडे मुबलक. मेथीची जून पानं, कोबीची वरची पानं, कोथिंबिरीचे देठ, शेवगा, सगळं चालतं. जुडी टांगून ठेवा म्हणजे दिवसभर टोचत राहतात आणि एकमेकींची पिसं उपटत नाहीत. लासलगाव-निफाडच्या पट्ट्यात मात्र एक सांगायला हवं. चाळीतला सडका कांदा आणि पात कोंबड्यांपुढे टाकायची सवय सोडा. कांदा जास्त पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जनावर पांढरं पडतं.

राखेचं एक घमेलंही लागतं. थंडीत ऊन उशिरा येतं, जमीन ओलसर असते, त्यामुळे धुळीत लोळणं कमी होतं आणि उवा वाढतात. जुन्या टोपल्यात किंवा टायरमध्ये चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती भरून उन्हात ठेवा. खर्च काही नाही.

अंड्यांसाठी दिवा: कोणी लावावा, कोणी लावू नये

थंडीत अंडी कमी होतात त्याचं दूषण गारठ्याला दिलं जातं, पण खरं कारण उजेड आहे. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो. 9 वॉटचा एलईडी पहाटे चार तास लावला तर महिन्याला एक युनिटाच्या थोडी वर वीज जाते, म्हणजे साधारण नऊ रुपये. आपोआप चालू-बंद होणारा टायमर प्लग 300 ते 500 रुपयांचा. दिवा संध्याकाळी न लावता पहाटे लावावा. संध्याकाळी तो एकदम विझला की काही कोंबड्या खालीच अडकतात आणि अंधारात काठी सापडत नाही.

माझं मत विचाराल तर हा खर्च ऱ्होड आयलंड रेड, ग्रामप्रिया अशा जास्त अंड्यांच्या कोंबड्या असतील तरच करावा. निव्वळ गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते आणि अंडी घालून झाली की खुडूक बसते. तिच्यामागे टायमर लावून पैसे सुटत नाहीत, तिला विश्रांती घेऊ द्यावी. थंडीत गावरान अंड्याला 15-20 रुपये मिळतात हे खरं, म्हणून मोह होतो. पण दहा गावरान कोंबड्यांकडून दिव्याने जादा अंडी किती मिळतील याचा हिशेब मांडला तर बोटं पुरेशी होतात.

आणि हा दिवा ऊब देत नाही. एलईडीचं तंत्रच कमी उष्णतेत जास्त उजेड देण्याचं आहे. 'बल्ब लावलाय की रात्रभर, तरी पिल्लं मेली' असं सांगणाऱ्याच्या डालग्यात बघितलं तर पुष्कळदा आत 9 वॉटचा पांढराशुभ्र एलईडी असतो.

इथवरची बेरीज करू. बारदान 120, बसायच्या पट्ट्या 150, तुसाच्या दोन गोण्या 250, चुना 30, धान्य 875. एकूण 1,425 रुपये, कोंबडीमागे जेमतेम 140-145. यातल्या पट्ट्या कायमच्या आहेत आणि बारदान दोन हिवाळे टिकतं, म्हणून पुढच्या वर्षी हा आकडा साडेअकराशेवर येतो. याउलट मोठ्यांच्या खुराड्यात 100 वॉटचा बल्ब रात्रीचे 12 तास जाळला तर रोज 1.2 युनिट, साडेतीन महिन्यांत सव्वाशे युनिट, हजार रुपये. त्यात कोंबड्यांना उबेची सवय लागते आणि ज्या पहाटे वीज जाते त्या पहाटे एकदम गारठा लागतो.

पिल्लांचा हिशेब वेगळा

पहिल्या आठवड्यात पिल्लाला 35 अंश लागतात. पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करत पाचव्या आठवड्यापर्यंत 22-23 वर यायचं. अंगावर नुसती लव असते, स्वतःची ऊब राखायची ताकद नसते. बाहेर 8 अंश असताना आत 35 ठेवायचे, म्हणजे 27 अंशांचा फरक विजेने भरून काढायचा. म्हणून पहिला सल्ला असा की घरी खुडूक कोंबडी नसेल तर डिसेंबर-जानेवारीत एक दिवसाची पिल्लं आणूच नका. फेब्रुवारीच्या मध्यानंतर आणा. घाई असेल तर महिनाभर वाढवलेली पिल्लं घ्या. एक दिवसाचं पिल्लू 30-40 रुपयांना आणि महिन्याचं शंभर-सव्वाशेला मिळतं. फरक मोठा वाटतो, पण त्यात वीज, खाद्य, पहिल्या लसी आणि मधली मरतूक आली. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. तिथे आधी चौकशी करून नोंदणी करावी, आयत्या वेळी पिल्लं मिळत नाहीत.

तरी आणायचीच असतील तर 25 पिल्लांचा हिशेब असा. पिल्लामागे 2 वॉट हा नेहमीचा नियम, म्हणजे 50-60 वॉट. निफाडच्या थंडीत 60 वॉटचे दोन जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब लावा. एक उडाला तरी दुसरा चालू राहतो, हा त्यातला मोठा फायदा. असे बल्ब आता प्रत्येक दुकानात नसतात, इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानात 15 ते 25 रुपयांना मिळतात. पहिला आठवडा दिवसरात्र आणि पुढचे तीन आठवडे फक्त रात्री 12 तास लावले तर सुमारे 50 युनिट होतात. म्हणजे 400 रुपये, पिल्लामागे 16. लाल इन्फ्रारेड ब्रूडर बल्ब 250 ते 400 रुपयांना येतो आणि तो बहुधा 150 किंवा 250 वॉटचा असतो. 25 पिल्लांना तो जास्त होतो, 100 पिल्लं असतील तर योग्य.

भोवती पुठ्ठ्याचं गोल कडं करा, चार फूट व्यासाचं, दीड फूट उंच. फ्रिजचा खोका दुकानदाराकडे मागितला तर मिळतो. गोल असणं गरजेचं, कारण चौकोनाच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली तूस आणि पहिले दोन दिवस त्यावर खरबरीत कागद, नाहीतर पिल्लं तूसच खातात. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात. बल्ब तुसापासून फूट-दीड फूट वर, आणि तो वायरला लोंबकळता न ठेवता साखळीने किंवा जाड तारेने स्वतंत्र बांधलेला. होल्डर चिनी मातीचा घ्या. वाळलेलं तूस आणि पडलेला बल्ब यातून लागलेली आग पिल्लांवर थांबत नाही, शेजारचा गोठाही जातो.

थर्मामीटर 100-150 रुपयांना मिळतो, तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीला टांगा. नसला तरी पिल्लं स्वतः सांगतात. बल्बखाली गोळा होऊन करकर ओरडत असतील तर ऊब कमी आहे, बल्ब खाली घ्या. कडेला पसरून चोच उघडी टाकून धापत असतील तर ऊब जास्त. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर समोरच्या बाजूने वारा येतो आहे. चौफेर विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय पसरून झोपली आहेत, अधूनमधून बारीक चिवचिव, असं चित्र दिसलं की घरात जाऊन झोपावं. हे बघायची वेळ पहाटे चारची. रात्री दहाला सगळंच ठीक दिसतं.

मळ्यातल्या वस्तीवर विजेचा भरवसा नसतो. तिथे दोन-तीन लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवा आणि वरून बारदान अर्धं झाका. तासा-दोन तासांचं काम भागतं. कोळशाची शेगडी आत नेऊ नका. तिच्या वायूला वास नसतो आणि बंद जागेत पिल्लं झोपेतच जातात. ती शेगडी राखणाऱ्या माणसालाही तोच धोका.

खुडूक कोंबडी असेल तर यातलं काहीच लागत नाही. ती 24 तास चालणारं, बिल न येणारं यंत्र. फक्त थंडीत तिच्याखाली 10-12 अंड्यांवर जाऊ नका. उन्हाळ्यात ती जास्त झाकते, पण हिवाळ्यात कडेची अंडी गार पडतात आणि आलटूनपालटून सगळीच बिघडतात.

लस आणि दवाखाना

मानमोडी, म्हणजे राणीखेत, थंडीत सापडली की खुराडं रिकामं करते. लासोटाचा थेंब पिल्लांना पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चार आठवड्यांनी, मग आठ आठवड्यांनंतर आरटूबीचं इंजेक्शन हा ठरलेला क्रम. मोठ्या कोंबड्यांचं राहिलं असेल तर थंडी सुरू व्हायच्या आधी उरका. लसीची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुपी फोडणं म्हणजे नव्वद मात्रा मातीत. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं तर कोंबडीमागे काही पैसेच पडतात. लस बर्फातून आणायची, सदऱ्याच्या खिशातून नाही.

घरघर, शिंका, डोळ्यांत फेस ही लक्षणं दिसली की दुकानदार अँटिबायोटिकची पुडी पुढे करतो. आधी पडदा वरून उघडा आणि ओलं तूस काढा. दोन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरला दाखवून मगच औषध घ्या. हळद, लसूण, गूळपाणी द्यायला हरकत नाही, पण ते लसीच्या जागी चालत नाही.

एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला झाला आणि 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, दोन्ही वेळा थंडीचेच दिवस. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, उघड्या हाताने सोलू तर अजिबात नका. 1962 हा पशुसंवर्धन विभागाचा क्रमांक फिरवा, त्याला पैसे पडत नाहीत.

होळी जळाली, थंडी पळाली असं म्हणतात, पण कोंबड्यांसाठी होळीपर्यंत थांबणं उशिराचं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचा पारा 33-34 वर गेला की बारदान काढा, उन्हात दोन दिवस टाका, झटका आणि उंदीर लागणार नाहीत अशा जागी दोरीला टांगून ठेवा. खालचं तूस खुराड्यातून काढून सावलीत ढीग करा, वर माती टाका आणि दोन-तीन महिने कुजू द्या. ताजंच आळ्यात घातलं तर झाडाची मुळं करपतात. कुजलेलं पपईला आणि शेवग्याला चालतं, आणि बाजारात कोंबडखताच्या गोणीला जे पैसे पडतात ते बघता तुसावर घातलेले अडीचशे रुपये तिथेच वळते होतात.